खाडीकाठचे स्वागत
(स्वागताध्यक्षांचे भाषण)

परिषदेच्या अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आणि निरनिराळ्या प्रांतांतून, काही तर समुद्रापलीकडूनही, महामार्गावरचे धक्के सोसत येथवर आलेल्या प्रतिनिधी भगिनींनो आणि बंधूंनो,

पेण आणि रोहे या दोन नगरांच्या संयुक्त स्वागतसमितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. निरनिराळ्या समाजांतील स्त्रीचे स्थान हा आपल्या परिषदेचा विषय, आणि तिच्या स्वागताला सत्तरी ओलांडलेला एक पुरुष उभा, ही विसंगती माझ्या लक्षात आलेली नाही असे कृपा करून समजू नये. ती मला प्रथम घरातूनच दाखवून देण्यात आली. समितीत एकवीस जण, त्यांत स्त्रिया चार, आणि त्या चौघींकडे भोजनव्यवस्था, एवढा हिशेब आमच्या मंडळींनी भाजी निवडता निवडता मांडला, आणि त्यावर मला आजतागायत समाधानकारक उत्तर सुचलेले नाही.

दोन गावांची एक समिती कशी झाली, तेही सांगितले पाहिजे. माझा जन्म पेणचा, आजोळ रोह्याचे. त्यामुळे पेणकर मला रोह्याचा पक्षपाती समजतात आणि रोहेकर पेणचा. परिषद भोगावतीच्या काठी भरवावी की कुंडलिकेच्या, यावर तीन बैठकी खर्ची पडल्या, आणि अखेर सभा पेणला व शेवटच्या दिवसाचे वनभोजन रोह्याला असा तह ठरला.

पेण हे गाव आज आपणांस गणपतीच्या मूर्तींमुळे माहीत असते, आणि त्यात वावगे काही नाही; परंतु ज्या काळी रस्ते नव्हते आणि आगगाडी स्वप्नातही नव्हती, त्या काळी अंतोऱ्याच्या बंदरातून भरतीच्या पाण्यावर गलबते निघत, आणि आमच्या खारजमिनीतला भात व आमच्या आगरांतले मीठ घेऊन मुंबईच्या वाटेला लागत, हे नव्या पिढीच्या गावीही नाही. समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले ते मातीचे बांध, दर भरतीला त्यांवर ठेवावा लागणारा डोळा, फुटला बांध की मध्यरात्री टोपल्या घेऊन धावणारी बायकापुरुषांची झुंबड, हा आमचा खरा इतिहास. दफ्तरात मात्र बांध ज्याच्या नावे त्याची नोंद झाली. टोपली कोणाच्या डोक्यावर होती, हे लिहिण्याचा रकाना कोणत्याही कारकुनाने आखला नाही.

रोह्याविषयी हात आखडता घेतला तर आजोळ मला क्षमा करणार नाही. अवचितगडाच्या सावलीतले हे गाव. नदीपलीकडचे अष्टमी त्याला असे जडलेले की रोहा-अष्टमी असा जोडउच्चारच रूढ झाला. धावीर महाराज हे तेथील ग्रामदैवत, ज्यांच्या पालखीला पोलिसांची सलामी मिळते आणि ती पाहताना माझ्यासारख्या निवृत्त मास्तराचीही पाठ आपोआप ताठ होते. कोकण रेल्वे जेथून आरंभते ते हेच रोहे. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म 1920 साली येथेच झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे घराण्याने रोह्याचे. जन्म मात्र महाडजवळच्या नाते येथला, आणि ही गोष्ट रोह्यात फार मोठ्याने बोलू नये.

आता विषयाकडे वळतो. कार्यवाहबाई दोनदा घड्याळाकडे पाहून चुकल्या आहेत.

रोह्याहून तळ्यामार्गे गेले की राजपुरीच्या खाडीवर कुडे येथील लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे कोरीव काम पाहावयास लोक क्वचितच जातात, आणि गेलेले बहुधा शिल्प पाहून परततात. भिंतीवरची अक्षरे वाचीत नाहीत. त्या अक्षरांत पदुमनिका नावाची एक भिक्षुणी लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचे सांगते, आणि आपली ओळख देताना आपल्या भिक्षुणी मातेचे नाव घेते, आपल्या दोन शिष्यांची, बोधी आणि असाळ्हमिता यांची, नावे घेते. सोमदेव नावाचा एक वैद्य लेणे देतो, तर दगडात मुलांच्या बरोबरीने मुलींचीही नावे कोरवून घेतो. आणि येथला महाभोज, म्हणजे या मुलुखाचा अधिपतीच, स्वतःला विजया नावाच्या महाभोजीचा पुत्र म्हणवतो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांत आईचे नाव लिहिण्याची सक्ती महाराष्ट्र शासनाने केली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला क्रांतिकारक म्हटले. मी तसा एक अग्रलेख वाचून मनात म्हटले की आमच्या खाडीवर ही क्रांती फार पूर्वी होऊन गेली होती. मध्यंतरी कोठे हरवली, एवढेच शोधावयाचे.

आमचीच गोष्ट घ्या. देणगीदारांची यादी छापावयास गेली तेव्हा तीत अमक्यांच्या सौभाग्यवती, तमक्यांच्या मातोश्री अशा नोंदी होत्या. पापड लाटणाऱ्या भगिनींनी, ज्यांच्या पोह्याच्या पापडांवर पेणचे नाव दूरवर पोहोचले आहे, आपली वर्गणी स्वतंत्र दिली होती, आणि त्यांनी यादीचा कच्चा कागद परत पाठवला: आमची नावे आम्हांला आहेत, तीच घालावीत. यादी पुन्हा जुळवावी लागली, खर्च वाढला, आणि अहवालपुस्तिका आपल्या हाती उशिरा पडली ती या कारणाने. विलंबाबद्दल क्षमा मागतो. कारणाबद्दल मागत नाही.

मात्र जिच्याविषयी बोलावे म्हणूनच मी हे पद पत्करले, ती स्त्री पेण तालुक्यातल्या गागोदे गावची सून होती. विनोबांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी गागोद्यास झाला, हे शाळकरी पोरही सांगेल. त्यांची आई रुक्मिणीबाई कोण होत्या, हे विचारले तर शिक्षकही घुटमळतात. शाळेचे तोंड न पाहिलेली ही स्त्री. अभंग आणि स्तोत्रे मुखोद्गत, स्वतःच्या मुलाच्या वैराग्यालाही न भिणारी. देवाला लक्ष तांदूळ वाहण्याचा तिचा नेम होता, आणि ती एकेक दाणा मोजून वाही. हिशेबी पतीने सुचवले की तोळाभर तांदूळ मोजावेत, त्यावरून लाखाचे वजन काढावे, म्हणजे वेळ वाचेल. तिला ते पटेना, पण का पटत नाही तेही सांगता येईना. तिने मुलाला विचारले, आणि मुलाने आईची बाजू घेतली, कारण प्रत्येक दाण्यामागे देवाची एक आठवण होती, आणि आठवणीचे वजन करता येत नाही. पुढे संस्कृत गीतेचे प्रवचन तिला कळेना; मराठी समश्लोकी आणून दिली तीही अवघड वाटली; तेव्हा तिने तूच का करीत नाहीस असे मुलाला विचारले. 1918 च्या साथीत ती गेली. 1930-31 मध्ये मुलाने ‘गीताई’ रचली, आणि नावातच आई ठेवली. त्याच मुलाने 1959 मध्ये पवनारला ब्रह्मविद्या मंदिर स्थापले, जेथे ब्रह्मविद्येचा अधिकार स्त्रियांनी सामूहिकपणे चालवावयाचा होता. मी काही तत्त्वज्ञ नव्हे, परंतु त्या मंदिराचा पाया गागोद्याच्या स्वयंपाकघरात घातला गेला, असे मी छातीठोकपणे म्हणतो, आणि कोणी विद्वान खोडून काढणार असेल तर त्याने आधी ते गाव पाहून यावे.

आमच्या आगरी समाजातली धवलारीण पाहावयास मिळाली तर पाहा. लग्नात धवले गाऊन विधी चालवणारी ही स्त्री. पूर्वी कित्येक लग्ने तिच्याच गाण्यावर लागत. स्त्रियांनी पौरोहित्य करावे की नाही, यावर शहरांत वाद चालू असता ती मांडवात बसून कामाला लागलेली असे. आज तिच्या जागी ध्वनिक्षेपक आला आहे.

चिंतामणरावांशी 1953 मध्ये विवाहबद्ध झालेल्या दुर्गाबाई देशमुख यांना आजोळच्या नात्याने मी रोह्याची सूनच म्हणतो, संसार त्यांनी दिल्लीत आणि नंतर हैदराबादेत केला तरी. बालपणी लावलेले लग्न नाकारणारी, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेली, घटना समितीत बसलेली आणि 1958 मध्ये स्त्रीशिक्षणाच्या राष्ट्रीय समितीची अध्यक्षा झालेली ही विदुषी आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

जगाविषयी मी काय सांगावे? न्यूझीलंडने 1893 मध्ये स्त्रियांना मताचा अधिकार दिला आणि सुधारलेल्या स्वित्झर्लंडला त्यासाठी 1971 उजाडले. मेघालयातल्या खासी कुटुंबात घर धाकट्या मुलीकडे जाते. इतके मी या भाषणासाठी वाचले, आणि याहून पुढे गेलो तर पितळ उघडे पडेल. आमच्या पालिकांत आणि पंचायतींत 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी त्यांच्या यजमानांची खुर्ची अजून दिसते. ती उचलण्याचा ठराव आपल्या अखत्यारीत येत असल्यास अवश्य करावा.

आता त्रुटी. निवास शाळेच्या वर्गांत आहे. बाके हलवली आहेत, फळ्यावरचे गणित राहिले असल्यास पुसू नये, सोमवारी ते मुलांना लागेल. गरम पाण्याचे बंब दोन आहेत, तेव्हा पहाटे रांग लागेल. डास खाडीचे आहेत, त्यांच्यावर समितीचा अंमल नाही. मच्छरदाण्या दिल्या आहेत, काहींना भोके आहेत. एक मंगल कार्यालय आयत्या वेळी हातचे गेले, त्यामुळे मांडव आखूड पडला, याची तसदी सोसावी. सरबराईत जे उणे ते माझे. जे बरे वाटेल ते मघाच्या चौघींचे, ज्यांची भोजनव्यवस्थेवरची नेमणूक बदलावी असा ठराव मी मांडला होता आणि त्यांनीच तो, परिषद उपाशी राहील म्हणून, फेटाळला.

गणपतीच्या कारखानदारांनी हंगाम नसताना आपली पडवी आणि माणसे दिली. त्या कारखान्यांत रंगकाम करणाऱ्या स्त्रियांनी हा पडदा रंगवला. पोह्याच्या गिरणीवाल्यांनी पोहे, रोह्याच्या शेतकऱ्यांनी वालाच्या शेंगा, कोळीणींनी घेतलेल्या भावाहून जास्त ताजी मासळी, धाटावच्या कारखान्यांतील कामगारांनी एका दिवसाची मजुरी दिली. जमाखर्च तयार आहे. कोणासही पाहण्याची मुभा आहे, आणि साडेतीनशे रुपयांचा मेळ लागत नाही तो मी घरून भरीन.

उद्या सकाळी साडेसहाला गागोद्याची गाडी शाळेच्या फाटकापाशी लागेल. चहा गाडीत मिळणार नाही, घेऊनच निघावे. रोह्याला पोपटी लावणार आहोत. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा, शाकाहारी मडके वेगळे. अध्यक्षबाईंना मी आता विनंती करतो की त्यांनी आसन स्वीकारावे. मधली खुर्ची जरा डगमगते, डावीकडची घ्यावी.