पट्टी सोडल्यानंतर

नेपाळच्या डोंगराळ भागातल्या मोतीबिंदू शिबिरात सकाळी पट्ट्या सोडताना आम्ही हजर होतो. एका आजींनी आधी स्वतःचे हात न्याहाळले, मग नातवाकडे पाहिलं. आमचेही डोळे पाणावले, खोटं कशाला बोलायचं! पण चौथ्या दिवशी आम्ही परत विमानात. मागे कुणाचा डोळा लाल झाला, दुखला, तर पाहणार कोण?

काठमांडूत डॉ. सांडुक रुइत यांनी सहकाऱ्यांसह १९९४ साली तिलगंगा नेत्रकेंद्र उभारलं, तिथलेच डॉक्टर तयार केले. शंभर डॉलरांच्या पुढचं भिंग तिथेच बनून काही डॉलरांत मिळू लागलं.

म्हणून यंदाचा निधी स्थानिक परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी आणि भिंगांसाठी. आमची तिकिटं आम्हीच काढू. पाकिटं चहाच्या टेबलाजवळ आहेत.