पस्तीस दिवसांचा संसार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी तुम्हांला एका परक्या मुलखातल्या मुलाची हकीकत सांगणार आहे. मुलूख परका असला तरी त्यातली आई आणि बायको आपल्याला परक्या वाटणार नाहीत, म्हणून हा विषय घेतला.

मुलाचे नाव डोनाल्ड बेल. इंग्लंडातल्या यॉर्कशायर भागात हॅरोगेट म्हणून गाव आहे, तिथे १८९० साली त्याचा जन्म झाला. शिकून तो शाळामास्तर झाला. मास्तरांचा पगार तो केवढा! हा अंगाने धिप्पाड, तरी पळायला चपळ. तेव्हा १९१२ साली ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यू या क्लबाकडून तो पैसे घेऊन फुटबॉल खेळू लागला. संसाराला लागण्याआधी चार पैसे गाठीला बांधावेत, असे कुठल्याही शहाण्या मुलाला वाटते, तसेच ते.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. क्लबाशी झालेल्या करारातून त्याने स्वतःला सोडवून घेतले आणि नोव्हेंबरात साधा शिपाई म्हणून नाव घातले. तिथल्या पगारी खेळाडूंत आपणहून भरती झालेला तो पहिला, असे मानतात. पुढच्या वर्षी तो अधिकारी झाला.

५ जून १९१६ रोजी त्याचे ऱ्होडा नावाच्या मुलीशी लग्न झाले. नवलाई संपते न संपते तोच तो पुन्हा फ्रान्सच्या आघाडीवर. १ जुलैला तिथे सोमची लढाई सुरू झाली. पहिल्याच दिवशी एकट्या ब्रिटिश फौजेचे १९,००० वर जवान मेले. भगिनींनो, तितक्या घरांत मरणाची बातमी गेली असेल.

५ जुलैला बेलच्या पलटणीवर एका मशीनगनने बाजूने मारा चालवला. माणसे पटापट पडू लागली. बेल, एक कॉर्पोरल आणि एक शिपाई असे तिघे खंदकातून सरपटत पुढे गेले आणि मग उघड्या मैदानातून धावत सुटले. बेलने पिस्तुलाने तोफवाल्याला टिपले, बाँब टाकून मशीनगन निकामी केली. मैदानावर कमावलेली चपळाई त्या दिवशी कितीकांच्या प्राणाला कामी आली.

त्यानंतर त्याने आईला पत्र लिहिले. त्यात फुशारकी नाही. मी काही केले नाही, एकच बाँब फेकला, तो नशिबाने बरोबर पडला, अशा अर्थाचे लिहिले. मुलगा संकटातून आला की आईला कमीच करून सांगतो. ते आपल्याला ठाऊक आहे.

पाचच दिवसांनी, १० जुलैला, काँताल्मेझोन गावापाशी तसेच धाडस करताना तो पडला. वय पंचवीस. लग्नाला पस्तीस दिवस झाले होते. व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला तो सप्टेंबरात. त्याला स्वतःला ते कधी कळलेच नाही. डिसेंबरात राजे पाचवे जॉर्ज यांच्या हातून ते पदक ऱ्होडाने घेतले.

हाच क्रॉस आपल्या माणगाव तालुक्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांनाही मरणोत्तर मिळाला. मराठा पलटणीचा हा वीर इटलीत एकटा मशीनगनवर धावून गेला, तो दिवसही १० जुलैच, साल १९४४. दोन मुलखांत दोन बायका, आणि दोघींच्याही घरी पदक आले, माणूस आला नाही.

बेलचे पदक २०१० साली विकायला निघाले, तेव्हा खेळाडूंच्या संघटनेने २ लाख पौंडांवर पैसे देऊन ते घेतले. आपल्यातल्या एकाची आठवण त्यांनी परक्या हाती जाऊ दिली नाही, हे मला फार आवडले.

लग्न ताजे असताना त्याने इतके पुढे धावायला नको होते, असे तुमच्यापैकी कुणी म्हणेल. मलाही क्षणभर वाटले. पण बाजूला पडणाऱ्या शिपायांच्याही घरी बायका होत्याच की! त्यांतल्या काहींचे कुंकू त्याच्या धावण्याने राहिले. ऱ्होडाचे मात्र गेले. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि वीराचे नाव घेताना दुसरी विसरू नये, एवढेच माझे मागणे आहे.

आपल्या गल्लीत, गावी एखाद्या जवानाची आई किंवा पत्नी असेल, तर हळदीकुंकवाला तिला आवर्जून बोलवा. ती विधवा असली तरी बोलवा, मानाने बसवा. पदक देणे सरकारचे काम. हे काम आपले.