मोटारीची निगा आणि बिलाचा फुगवटा

(विशाखापट्टणम येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीवर बोलणारे विद्वान येऊन गेले, नाट्यसंगीताचा इतिहास सांगणारे येऊन गेले, आणि आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत ते मोटारीच्या तेलपाण्याविषयी बोलावयास. कार्यवाहांना विषय कळविला तेव्हा ते क्षणभर स्तब्ध झाले आणि मग म्हणाले, "हरकत नाही, निदान श्रोते तरी येतील." आपली उपस्थिती पाहता त्यांचे भाकीत खरे ठरलेले दिसते. ज्ञानेश्वरी सर्वांच्या घरी आहे. परंतु गेल्या वर्षभरात सर्व्हिसिंगचे बिल हाती पडल्यावर कपाळाला हात लावला नाही, असे घर आपल्यांत क्वचितच असेल.

हा विषय मंडळाच्या व्यासपीठावर कशासाठी, असे कोणी विचारील. कारण असे की, तो आपल्या परमुलखातील वास्तव्याशी निगडित आहे. कोल्हापूरच्या किंवा नाशिकच्या माणसाला एक ठरलेला मिस्त्री असतो. त्याच्या वडिलांची स्कूटर त्याच मिस्त्रीने चालती ठेवलेली असते; फसवणूक केली तर उद्या गणपतीच्या वर्गणीच्या वेळी तोंड दाखवावे लागेल, ही लाज मिस्त्रीलाही असते. आपल्यापैकी कोणी नौदलात, कोणी पोलाद कारखान्यात, कोणी बंदरात, कोणी तेलशुद्धीकरण कारखान्यात. तीन वर्षांनी बदली ठरलेली. नव्या गावात दूधवाला सापडेपर्यंत महिना जातो, मग विश्वासाचा मिस्त्री कोठून सापडावयाचा? भाषा अर्धवट कळते, पाटी वाचता येत नाही. तेव्हा आपण काचेच्या मोठ्या दालनाचा, गार हवेचा आणि फुकटच्या कॉफीचा आश्रय घेतो.

पूर्वीच्या गाड्यांची गोष्ट निराळी होती. ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी यांचे बॉनेट उघडले की सारा संसार डोळ्यांपुढे मांडलेला असे. कार्बोरेटर दिसे, डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट घासून मालकही साफ करी, पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून त्याचा ताण पाही. त्या गाड्या वारंवार बिघडत, हे खरे. पण त्या बिघडण्यात लपवाछपवी नसे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढील दोन दशकांत कार्बोरेटर जाऊन संगणकावर चालणारी इंजिने आली. गाड्या अधिक भरवशाच्या झाल्या. त्यांना लागणारी निगा खरोखर कमी झाली. येथेच गंमत आहे. निगा कमी झाली, परंतु बिले वाढली. कारण बॉनेटखाली काय चालले आहे हे मालकाला कळेनासे झाले, आणि जे कळत नाही त्याची भीती घालणे सोपे असते.

ही भीती कशी घातली जाते ते आपण सर्वांनी अनुभवले आहे. सकाळी नऊला गाडी देऊन आपण कामावर जातो. साडेअकराच्या सुमारास, नेमके आपण बैठकीत असताना, फोन येतो. "सर, इंजेक्टर फार घाण झाले आहेत. क्लीनिंग करून घेतलेले बरे, नाहीतर पुढे मोठा खर्च येईल." त्यापाठोपाठ एसीचे निर्जंतुकीकरण, खालच्या अंगाचा लेप, रंगावरचे टेफ्लॉन, उंदरांना पळविणारा फवारा. "नाहीतर पुढे मोठा खर्च येईल" हे पालुपद प्रत्येक कडव्यानंतर असतेच. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात; बैठकीतून उठून बाहेर आलेल्या माणसाला तर ती मुळीच नसते. तो "बरं, करा" म्हणतो आणि संध्याकाळी पाच हजारांच्या अंदाजाचे बिल अकरा हजारांवर गेलेले पाहतो.

फोन करणारा तो तरुण चोर नसतो, हे आम्ही मुद्दाम सांगतो. नव्या गाडीच्या विक्रीत विक्रेत्याला सुटणारा नफा बेताचा असतो. दालनाचे भाडे आणि पगार प्रामुख्याने वर्कशॉपने भागवावयाचे असतात. त्यातही तेल, फिल्टर यांच्या किमती ग्राहक ताडून पाहू शकतो. फवारे आणि लेप यांच्या किमती ताडता येत नाहीत. म्हणून त्या मुलाला महिन्याचे लक्ष्य ठरवून दिलेले असते, ते बहुधा या बाटल्यांचे. त्याच्यावर ओरडून काही साधत नाही. त्याला नाही म्हणता आले पाहिजे, आणि नाही म्हणण्यासाठी कोठे हो म्हणावयाचे हे ठाऊक पाहिजे.

ते ज्ञान आपल्या गाडीतच पडलेले असते. गाडीबरोबर आलेली पुस्तिका आपण विम्याच्या कागदांबरोबर कप्प्यात कोंबतो व विसरतो. तीत एक तक्ता असतो: किती किलोमीटरला अथवा किती महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, कोणते काम करावयाचे. हा तक्ता गाडी बनविणाऱ्या अभियंत्यांनी तयार केलेला आहे. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंजिनचे तेल व त्याचा फिल्टर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला बदलावयाचा असतो. इंजेक्टरची धुलाई त्या तक्त्यात बहुधा नसते. गाडी झटके देत असेल, सकाळी सुरू होण्यास कुरकुरत असेल, ॲव्हरेज घसरले असेल, तर तपासणी करून धुलाई जरूर करावी. पण चांगल्या चालणाऱ्या गाडीला दर सर्व्हिसिंगला ती बाटली पाजणे म्हणजे धडधाकट मुलाला दर रविवारी एरंडेल देण्यासारखे आहे. इंजिनच्या 'फ्लशिंग'चेही तेच. जुने तेल काढले जाते तेव्हा त्याबरोबर मळही जातोच. वेळेवर तेल बदलणाऱ्या माणसाच्या इंजिनात धुण्यासारखे फारसे उरत नाही.

एसीच्या बाबतीत खरी गरज असते ती हवेच्या फिल्टरची. तो बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो, काही शे रुपयांत मिळतो आणि घरी दहा मिनिटांत बदलता येतो. तो काळाठिक्कर पडलेला ठेवून वर सुवासिक फेस फवारणे म्हणजे मोरीत अत्तर ओतणे. टायरांत नायट्रोजन भरण्याचा आग्रह होतो. आपण श्वास घेतो त्या हवेत शेकडा ७८ भाग नायट्रोजनच आहे. फुकट मिळत असेल तर घ्यावा. परंतु पंधरा दिवसांनी दाब तपासून घेण्याची सवय त्याहून अधिक मोलाची.

खालच्या अंगाच्या लेपाविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण येथे आपले शहर समुद्राकाठी आहे आणि खारी हवा लोखंड खाते, हे बंदरात काम करणाऱ्यांस आम्ही काय सांगावे! १२ ऑक्टोबर २०१४ च्या हुदहुद वादळानंतर झाडांखाली चेपलेल्या गाड्यांचे उघडे पडलेले पत्रे किती लवकर तांबूस झाले, हे ज्यांनी पाहिले ते विसरले नसतील. तेव्हा हा लेप सर्वस्वी निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आजच्या गाड्यांचा सांगाडा कारखान्यातच गंजरोधक रंगाच्या हौदात बुडवून काढलेला असतो. त्यावर पुन्हा लेप द्यावयाचा तर गाडी नवी असताना, खालून स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, एकदाच नीट द्यावा. ओल्या चिखलावर घाईघाईने मारलेला काळा थर ओल आत कोंडून ठेवतो आणि गंज झाकतो. फायदा तर नाहीच, उलट अपाय. दरवर्षी लेप घेण्यापेक्षा महिन्या-दोन महिन्यांनी गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाडी खालून धुऊन घ्यावी. पैसे कमी लागतात आणि मीठ निघून जाते.

आता दुसरी बाजू. फसविले जाण्याच्या भीतीने काही मंडळी सरसकट सर्व नाकारू लागतात. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांनी ब्रेकचे तेल बदलण्यास सलग चार वर्षे नकार दिला, कारण "हे सगळे पैसे उकळण्याचे धंदे." ब्रेकचे तेल हवेतील दमटपणा शोषून घेते, पाणी मुरलेले तेल तापले की लवकर उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय दाबला तरी ब्रेक पोकळ लागतो. सपाट रस्त्यावर ते जाणवणार नाही. अरकूहून मुलाबाळांसह घाट उतरताना जाणवेल. बहुतेक कंपन्या हे तेल सुमारे दोन वर्षांनी बदलावयास सांगतात, आणि आपल्या दमट हवेत त्यात चालढकल करू नये. ब्रेकचे पॅड, टायरांची झीज, स्टिअरिंगचे सांधे यांच्या बाबतीतही काटकसर नको. टायरच्या खाचांत उंचवटे ठेवलेले असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीस आले, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर राहिली, की टायर बाद. यासाठी कोणा सल्लागाराची जरूर नाही, स्वतःचे डोळे पुरतात.

म्हणून आम्ही एक साधी पद्धत पाळतो. गाडी देताना जॉबकार्डावर स्वतःच्या हाताने लिहावे की, लेखी अंदाज आणि आमची संमती यांवाचून अधिक काम करू नये. फोन आला तर तत्काळ उत्तर न देता तीन प्रश्न विचारावेत: हे पुस्तिकेच्या तक्त्यात आहे काय? मापून पाहिले असल्यास माप किती भरले? पुढील सर्व्हिसिंगपर्यंत थांबले तर नेमके काय होईल? "पॅड खराब झाले आहेत" हे उत्तर नव्हे. "तीन मिलिमीटर उरले आहेत, हा फोटो पाठवितो" हे उत्तर होय. खरे काम सांगणारा माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. ते घेऊन करावयाचे काय, असे घरातून विचारले जाईल. काही करावयाचे नाही, केवळ ते खरोखर बदलले गेले एवढे कळते.

भाषेची अडचण वाटते त्यांनी तीनच वाक्ये पाठ करावीत. 'पात पार्ट्स चूपिंचंडी', जुने भाग दाखवा. 'मुंदु अडगंडी', आधी विचारा. आणि 'अवसरम् लेदु', गरज नाही. आपल्या मराठीत अवसर म्हणजे संधी; येथे अवसरम् म्हणजे गरज. वर्कशॉपवाले मात्र दोन्ही अर्थ एकत्र करतात, असे आमचे निरीक्षण आहे! ही वाक्ये मोडक्या उच्चारात म्हटली तरी समोरचा माणूस हसतो, आणि हसलेला माणूस थोडा सरळ बोलतो. कोपऱ्यावरच्या लहान गॅरेजच्या अन्नाशी तर याच पुंजीवर ओळख होते. वॉरंटी संपलेल्या गाडीला असा अन्ना लाभणे हे भाग्यच.

वॉरंटी चालू असताना बाहेर काम केल्यास ती रद्द होईल, असा धाकही घालण्यात येतो. त्याविषयी हे ठाऊक असावे की, भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या मिस्त्र्यांना मिळू न देण्याबद्दल. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीवरही आयोगाने बोट ठेवले. प्रकरण पुढे वरच्या न्यायासनांपुढे गेले. तरीही वॉरंटीच्या काळात अटी वाचून, अधिकृत ठिकाणीच, फक्त तक्त्यातील कामे करून घेणे हा शहाणपणाचा मार्ग आम्हांस वाटतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण आपल्या हाडीमाशी खिळली आहे. परंतु न विचारता काम करून पैसे घेतले, किंवा बिल देण्याचे नाकारले, तर निमूट बसण्याचे कारण नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. बदलीच्या नोकरीतील माणसाला त्यात एक मोठी सोय आहे: आपण जेथे राहतो अथवा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे येथील वर्कशॉपविरुद्धची तक्रार बदलीनंतर पुण्याहूनही चालविता येईल. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील केलाच पाहिजे असे नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावरील राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीला फोन करावा; पुष्कळदा तेवढ्यावर काम भागते. मात्र अंदाजपत्रक, जॉबकार्ड व बिल जपून ठेवलेले पाहिजे. लग्नातल्या आहेरांची यादी तीस वर्षे जपणाऱ्या आपल्या घरांना हे कठीण जाऊ नये.

आमची एक सूचना आहे, ती कार्यकारिणीने विचारात घ्यावी. मंडळाच्या वाचनालयात एक जाड वही ठेवावी. ज्याने ज्या गॅरेजमध्ये काम करून घेतले त्याने तारीख, गाडी, किलोमीटर, केलेले काम आणि दिलेले पैसे एवढेच तीत लिहावे. शिव्याही नकोत, स्तुतीही नको. पुढल्या जूनमध्ये नव्या बदलीवर येणारे कुटुंब मंडळात पहिल्यांदा पाऊल टाकील तेव्हा डाळ-तांदळाच्या दुकानाबरोबर त्यांना ती वहीही दाखविता येईल. पहिले पान आमच्या जुन्या बिलांवरून आम्ही भरून आणले आहे. ते ग्रंथपालांकडे देत आहोत.

आता आपले प्रश्न असतील तर ऐकावयास आम्ही तयार आहोत. बाहेर उभ्या असलेल्या गाडीतून येणाऱ्या आवाजाविषयीचे प्रश्न मात्र चहापानानंतर, गाडीजवळच घेऊ.