सेव्ह वेगळं, एक्सपोर्ट वेगळं

आजचा विषय बारका वाटेल, पण आपल्या कोल्हापुरात वाढदिवसाचा बॅनर लागल्याशिवाय कुणाचं वय वाढत नाही आणि ते बॅनर करणाऱ्या पोरांचं पोट याच विषयावर चालतं.

फोनवर पिक्सललॅब वापरत असाल तर तुम्हाला माहीत असेल. काम झालं की दोन वाटा असतात: प्रोजेक्ट म्हणून ठेवा, नाहीतर इमेज म्हणून. प्रोजेक्टमध्ये नाव, फोटो, मागचा रंग, सगळं सुटं राहतं. पुढच्या वर्षी आकडा बदलला की बॅनर तयार. जेपीईजी केली की सगळे थर एकात एक मुरतात. नाव पुसायला जाल, तर मागचा फेटापण पुसला जाईल. शिवाय तीच जेपीईजी उघडून, बदलून पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी माहिती गळते आणि अक्षरांच्या कडा मळकट दिसायला लागतात.

आपल्या गावाला हा फरक नवा नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला. तेव्हाही निगेटिव्ह वेगळी आणि थिएटरात फिरणारी प्रिंट वेगळी. प्रिंट झिजली तर निगेटिव्हवरून दुसरी काढता येते. निगेटिव्हच गेली, तर मग हळहळच उरते.

फुकट मिळणाऱ्या गिंपनं २०१२ मध्ये, २.८ आवृत्तीत, हाच नियम लावला. सेव्ह केलं की एक्ससीएफ, म्हणजे थरांसकट सगळं काम. जेपीईजी किंवा पीएनजी हवी असेल तर एक्सपोर्ट. लोक लई भडकले. फोटो नुसता कापायचाय, त्याला एवढा कुटाणा कशाला? त्यांचाही राग खोटा नव्हता.

सॉफ्टवेअर लिहिणारा म्हणून माझं मत सांगतो. सेव्ह हा शब्द आहे: काम जसं सोडलं, तसंच उद्या मिळेल. जेपीईजीला तो शब्द पाळता येत नाही, म्हणून तिथं ‘सेव्ह’ लिहू नये. पण एकच थर असलेला फोटो कुणी नुसता कापला असेल, तर त्याला अडवून धरू नये. ‘मूळ फाईलवरच लिहू का?’ एवढं विचारावं आणि काम संपवावं. आणि बंद करताना ‘बदल सेव्ह केलेले नाहीत’ अशी मोघम भीती घालू नये. ‘जेपीईजी निघाली आहे, पण थर कुठंच ठेवलेले नाहीत’ असं सरळ सांगावं. माणूस मग स्वतः ठरवेल.

तोवर आपण काय करायचं? गिऱ्हाईकाला जेपीईजी द्या, तीही व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे आणखी दाबली जाणार नाही. पीएलपी फाईल मात्र स्वतःकडं ठेवा आणि तिची एक प्रत फोनच्या बाहेर. फोन पंचगंगेत पडला तरी धंदा बुडायला नको.