खोडलेला हात
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मी भाषेचा शिक्षक. चित्रकलेचा तास माझ्याकडे आला तो केवळ वेळापत्रक भरायचे म्हणून. सभागृहात कोणी जाणकार असतील तर त्यांनी मला सांभाळून घ्यावे.

मी शिकवतो ते महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचे गाव. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाची लॉरी अडवताना ते गेले. तो दिवस जवळ आला की मुले चित्र काढतात : लॉरी, तिरंगा, छाती काढून उभे बाबू गेनू. एका वर्षी एका मुलाने लॉरीचे चाक आणि रस्त्यावर पडलेला नुसता एक हात काढला. मी म्हणालो, "अरे, हुतात्मा कुठे आहे? खोड ते, नीट काढ." त्याने खोडले, चार जणांसारखे काढले. मी शाबासकीही दिली!

पुढे चित्रकार तय्यब मेहतांविषयी वाचताना तो हात आठवला. 1947 च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवरील घराच्या खिडकीतून त्यांनी जमावाला एका माणसाचा जीव घेताना पाहिले. ते तापाने फणफणले. ती भीती त्यांनी झाकली नाही. पाय बांधलेला बैल, कोसळणारा माणूस, अशी ती आयुष्यभर त्यांच्या चित्रांत येत राहिली.

आणखी एक. 1968 साली, चाळिशी उलटल्यावर, ते फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले. जाड रंगाच्या थरांवर हात चांगला बसलेला होता. तो त्यांनी सोडला. सपाट रंग आले. 1969 मध्ये चित्र तिरके कापत जाणारी रेघ आली. बसलेला हात मोडणे किती अवघड, हे आम्हा शिक्षकांना विचारा. आमची टिपणे वर्षानुवर्षे तीच असतात! मनास न आलेली चित्रे तर ते सरळ नष्ट करीत. 2002 साली त्यांच्या एका चित्राला लिलावात सुमारे दीड कोटी रुपये आले, तेव्हा त्यांचे वय 77 होते.

त्या मुलाला मी नंतर विचारले, "हातच का काढलास?" म्हणाला, "सर, तोंड काढायची भीती वाटली."

यंदा मी मुलांना खोडरबर घरी ठेवायला सांगितले. चित्रे बाहेर व्हरांड्यात लावली आहेत. काही बिघडली आहेत. जाताना तीही पाहावीत, ही विनंती.