चिलीम, विडी आणि साध्या तंबाखूचा लळा



आजचा माझा विषय कित्येकांना क्षुल्लक वाटेल, आणि कांहींना तो अप्रियहि वाटण्याचा संभव आहे. साध्या, स्वस्त आणि जुन्या वळणाच्या तंबाखूविषयीं मी बोलणार आहें. तंबाखू वाईट आहे एवढेंच सांगून माझा सर्व वेळ भरून काढणें सोपें आहे; आणि ती वाईट आहे याबद्दल माझ्या मनांत तिळमात्र शंका नाहीं. परंतु जी वस्तु चारशें वर्षें गरिबाच्या कनवटीला टिकून राहिली, तिच्यांत माणसाला काय आवडलें हें न पाहतां 'सोडा' असें सांगणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देण्यासारखें आहे. म्हणून प्रथम नाडी पाहूं.

हें रोप मूळचें आपलें नव्हे. तें अमेरिका खंडांतलें. पोर्तुगीजांच्या गलबतांतून तें हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलें, आणि 'तंबाखू' हा शब्दहि त्यांच्याच भाषेंतून आपल्याकडे आला. आम्हां पालघर-तारापूरकडील लोकांना ही गोष्ट दूरची वाटूं नये. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें तारापूरचा किल्ला घेतला, तोंपर्यंत आमच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचाच अंमल होता. दक्षिणेंत तंबाखूनें लवकर पाय रोवला. अकबराचा वकील असद बेग विजापुराहून परतला तेव्हां, म्हणजे १६०४ च्या सुमारास, त्यानें तंबाखू व ती ओढण्याचें जडावाचें साहित्य बादशहापुढें ठेवलें. दरबारच्या हकीमानें त्याच वेळीं हरकत घेतली. पुढें १६१७ सालीं जहांगीरानें तंबाखूवर बंदी घातली. त्या बंदीचें काय झालें तें आपण पाहतोंच.

दरबारांतलें जडावाचें साहित्य दरबारांतच राहिलें. खेड्यांत आली ती मातीची चिलीम. चिलीम म्हणजे कुंभाराच्या भट्टींत भाजलेलें एक लहानसें नरसाळेंच. वरचें तोंड रुंद, खालचें निमुळतें. आंत एक खडा टाकावयाचा. त्याला चुगल म्हणतात. त्याच्यामुळें तंबाखू खालीं घसरत नाहीं, धूर मात्र उतरतो. वर विस्तवाचा इंगळ ठेवावयाचा, आणि खालच्या तोंडाला ओली छापी गुंडाळावयाची, म्हणजे ओठांना चटका बसत नाहीं. जवळ एक चंची, तिच्यांत तंबाखू, चकमक आणि थोडा कापूस. सगळा प्रपंच एवढाच. यांतली एकहि वस्तु अशी नाहीं कीं जी हरवली असतां माणूस हळहळेल.

विडीची गोष्टहि अशीच साधी. पालघरच्या पूर्वेकडील रानांत आपटा आणि टेंभुर्णी हीं दोन्हीं झाडें आहेत, आणि दोहोंचीं पानें विडीला चालतात. दसऱ्याला जें पान आपण सोनें म्हणून वडील मंडळींच्या हातावर ठेवतों, तेंच पान वाळवून त्यांत चिमूटभर तंबाखू गुंडाळली कीं पाड्यावरच्या म्हाताऱ्याची विडी तयार होते. गरिबीनें सोन्याचा असाहि उपयोग करून घेतला.

मी शिक्षकाच्या नात्यानें ज्या गांवांतून राहिलों, त्यांपैकीं एका गांवीं एक वृद्ध गृहस्थ होते. आखाती देशांतून परतलेल्या त्यांच्या पुतण्यानें त्यांना परदेशी सिगारेटींचें भारी पाकीट आणून दिलें. काकांनीं एक सिगारेट पेटविली, दोन झुरके घेतले आणि ती पुतण्याच्या हातीं परत देऊन म्हणाले, "अरे बाबा, ही पाहुणी आहे. हिच्याशीं नीट बसून बोलावें लागतें. माझी घरची बरी." एवढें बोलून त्यांनीं चंची सोडली. त्या एका वाक्यांत साध्या तंबाखूचें सगळें आकर्षण आलें आहे असें मला वाटतें. भारी वस्तु आपल्याकडे लक्ष मागते. रोजची वस्तु आपल्याला आपल्या विचारांवर सोडून देते. रोज पक्वान्न जेवणारा कंटाळतो, भाकरीला कोणी कंटाळत नाहीं.

हा स्वभाव केवळ आपल्याकडचाच आहे असें नाहीं. अमेरिकेंत मिसुरी संस्थानांतील वॉशिंग्टन गांवीं १८६९ पासून मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचे पाइप तयार होत आले आहेत; शेतकऱ्याचा पाइप तोच. १९०७ सालीं तेथें 'प्रिन्स आल्बर्ट' नांवाची पाइपाची तंबाखू निघाली. पुढें अत्तरें घातलेल्या, फळांच्या वासाच्या, दसपट किंमतीच्या कितीतरी तंबाखू बाजारांत आल्या; तरी जुनीं माणसें आपल्या आजोबांच्या वेळचा तो साधा डबाच मागत राहिलीं. आपल्याकडे सिन्नरची विडी, निपाणीची तंबाखू, संगमनेरचा जर्दा यांच्याविषयीं गिऱ्हाइकाची निष्ठा याच जातीची. तो नवी चव शोधीत नसतो; काल होती तीच आज मिळावी एवढीच त्याची अपेक्षा असते.

स्वस्ताईचा दुसरा गुण म्हणजे ती वांटतां येते. महाग वस्तु देतांना देणारा मोजतो, आणि घेणारा संकोचतो. चंची मात्र अनोळखी माणसापुढेंहि सहज सरकते. बोईसरच्या फलाटावर गाडीची वाट पाहतांना, बांधावर, होडी ओढून झाल्यावर वाळूंत, "काढा थोडी" एवढ्या दोन शब्दांवर ओळख होते. आणि चिलीम भरणें, इंगळ आणणें, छापी भिजविणें यांत जो वेळ जातो, तीच कष्टकरी माणसाची विश्रांति. नुसता बसला तर मुकादम ओरडेल. चिलीम भरतांना कोणी ओरडत नसे. ज्याला रिकामें बसण्याचा अधिकार नव्हता, त्याला तंबाखूनें तो मिळवून दिला.

येथवर नाडी झाली, आतां रोग. वस्तु साधी आणि जुनी म्हणून ती सौम्य असेल, हा समज सुशिक्षित घरांतहि आढळतो. "आजोबा सिगारेट ओढीत नाहींत, फक्त विडी," असें आपण समाधानानें सांगतों. वस्तुस्थिति उलट आहे. विडींत तंबाखू थोडी असते हें खरें. परंतु तिच्या पानांतून हवा खेळत नाहीं आणि तें नीट जळत नाहीं. त्यामुळें विडी सारखी विझूं पाहते आणि ओढणाराला पुन्हां पुन्हां, जोरानें ओढावें लागतें. म्हणून सिगारेटपेक्षां कमी तंबाखूंतूनहि डांबर, निकोटिन आणि विषारी वायु त्याच्या छातींत कमी जात नाहींत. बहुधा अधिकच जातात. जी तंबाखू गालांत धरली जाते, तिनें तोंडाचा कर्करोग होतो. शरीराला स्वस्त आणि महाग हा भेद कळत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, स्वस्त वस्तूची उरलेली किंमत कोणीतरी भरीत असतो. विड्या वळणाऱ्या हजारों स्त्रिया पाठ वांकवून, नाकातोंडांत तंबाखूची धूळ घेत, नगावर मजुरी मिळवीत आल्या. त्यांच्यासाठीं १९६६ सालीं विडी व सिगार कामगारांचा कायदा करावा लागला. १९८१ सालीं निपाणीच्या तंबाखू-शेतकऱ्यांनीं शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालीं भावासाठीं रस्ता अडविला, आणि गोळीबारांत शेतकरी प्राणास मुकले. चार-आठ आण्यांच्या पुडींत हाहि हिशेब बांधलेला होता.

आणि आज काय चाललें आहे? तारापुरास १९६९ सालीं अणुवीज-केंद्र सुरू झालें. बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. चिलीम जवळजवळ दिसेनाशी झाली. रसायनांच्या कारखान्यांत पेटती काडी चालत नाहीं, तेव्हां कामगार तंबाखू गालांत धरतो. २००८ च्या २ ऑक्टोबरपासून सार्वजनिक जागीं धूम्रपानास बंदी आली, २०१२ सालीं महाराष्ट्रानें गुटख्यावर बंदी घातली. तरी २०१६-१७ सालच्या देशव्यापी पाहणींत प्रौढांपैकीं शेंकडा ४ सिगारेट, शेंकडा ७.७ विडी, आणि शेंकडा २१.४ बिनधुराची तंबाखू वापरणारे आढळले. यांत मला विशेष खटकतें तें हें कीं, चिलमींत जें थोडें चांगलें होतें तेवढेंच नेमकें गेलें. मांडी घालून बसणें गेलें, वांटून घेणें गेलें. यंत्रावरचा हात न काढतां, एकट्यानें, दांतांनीं पुडी फाडून ती तोंडांत रिकामी केली जाते. विसावा गेला आणि विष राहिलें.

म्हणून माझें सांगणें असें आहे. घरांतल्या वृद्धाला विडी सोडावयास सांगतांना केवळ त्याच्या छातीचा विचार करूं नका. तिच्याबरोबर त्याचें काय काय जाणार आहे तेंहि पाहा. ओट्यावरची पांच मिनिटें जातील, समवयस्कांची सोबत जाईल, हातांना असलेला चाळा जाईल. तेवढें दुसऱ्या वाटेनें भरून द्या. संध्याकाळीं त्याच्याजवळ जाऊन बसा, चहाचा पेला त्याच्या हातांत द्या, सुपारी कातरावयास द्या असें मी म्हणणार नाहीं, कारण तीहि तोंडाला घातकच. पण शेंगा सोलावयास, वाल निवडावयास द्या. त्याचे सोबती घरीं आले तर त्यांनाहि बसावयास सांगा. कारखानदारांनींहि कामगाराला बसून चहा घेण्याची सुट्टी मोजून कां होईना, पण मनापासून द्यावी. शाळेपासून १०० यार्डांच्या आंत तंबाखू विकूं नये असा २००३ चा कायदा आहे. आपल्या गल्लींतील शाळेभोंवतीं तो पाळला जातो कीं नाहीं, हें पालकांनीं स्वतः चालत जाऊन पाहावें.

माणसानें तंबाखूवर प्रेम केलें तें तंबाखूसाठीं थोडें, आणि घटकाभर स्वस्थ बसावयास मिळावें, शेजारच्याला कांहीं देतां यावें, यासाठीं फार. हें दुसरें प्रेम रास्त आहे. तें भागविण्याची सोय घरांत आणि कामाच्या जागीं झाली, तर पहिलें सोडविणें पुष्कळ सोपें जाईल असा माझा अनेक वर्षांच्या अवलोकनावरून झालेला विश्वास आहे.