शिळे पाणी



जुलै 2019 मध्ये तोतलाडोह धरणातील उपयुक्त साठा संपला आणि नागपूरला एक दिवसाआड पाणी मिळू लागले. पावसाने ओढ दिली होती. शिवाय वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात चौराई येथे पेंच नदी अडविली गेल्याने प्रवाहही घटला होता.

धरणे आणि करार हा शासनाचा विषय. घरातील माठ व पिंप मात्र गृहिणीच्या हाती असते. नळ आला की कालचे पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतावयाचे, ही रीत अनेक घरांत आहे. जे पाणी धरणात महिनोन्‌महिने साठून राहते, ते स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात एका रात्रीत शिळे कसे होईल? डास होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी करावीतच. परंतु उरलेले पाणी फरशीला, तुळशीला द्यावे. उन्हाळ्यात कूलरची टाकी भरताना नळ सोडून दुसऱ्या कामाला लागू नये. मिनिटाला 10 मिलिलिटर गळणारा नळ दिवसाकाठी 14 लिटर पाणी घालवितो. वायसर बदलला की बहुधा ती गळती थांबते.

पेंचचे हेच पाणी कालव्यांतून शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीत जाते. टंचाईच्या वर्षी शहराची तहान आधी भागवावी लागते आणि बांधी कोरडी राहते. नागपुरात मोरीत ओतलेली बादली कोणाच्या वाट्याची होती, याचे स्मरण प्रत्येक घराने ठेवावे.